मामांचे कोबीचे विडे

जगातली प्रत्येक वस्तू थोडी तरी कललेली असते आणि ती सरळ करण्यासाठीच देवाने आपल्याला नाशकात धाडले आहे, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. ते म्हणजे आमच्या यजमानांचे मामा. निफाडकडच्या कालव्यावर त्यांनी तीस वर्षे ओव्हरसियरची नोकरी केली आणि पेन्शनीत निघताना आपली पाणसळ तेवढी घरी आणली. पाणसळ म्हणजे ती लाकडी पट्टी, जिच्यातल्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. तो मधोमध थांबला की खालची जागा सपाट. बुडबुडा खोटे बोलत नाही, माणसे बोलतात, असे मामांचे मत. आमच्याकडे आले की चहाच्या आधी पट्टी देव्हाऱ्यावर जायची आणि निकाल लागायचा, "सूनबाई, तुझे देव पूर्वेला कललेत." एका श्राद्धाला त्यांनी पंगतीतला एकेक पाट तपासून त्याखाली सुपारीची खांडे सरकवली, तोवर भटजी दोनदा आचमन करून बसले होते. मी पोळ्या लाटायला बसले की खिशातून फूटपट्टी निघायची. एकदा मी स्पष्टच सांगितले, "मामा, पोळी खायची असते, तिच्यावरून पाणी सोडायचं नसतं." ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, "गोल पोळीला चव जास्त असते, हे तुझ्या अजून लक्षात आलेलं नाही."

मामी गेल्यापासून मामा आमच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि हाताने करून खात. मुलगा मुंबईला, दादरला. बापाने आपल्याकडे येऊन राहावे म्हणून त्याची दर आठवड्याला पत्रे येत आणि मामा ती वाचून फडताळातल्या डब्यांखाली टेकू म्हणून घालीत. चार वर्षांत सगळे डबे एका पातळीत आले. शेवटी मुलाने लिहिले, "रविवारी आम्ही दोघे तुम्हाला न्यायला येतो. ट्रंक भरून ठेवा." मामांनी उलट टपाली कळवले, "या. आधी जेवा. जेवण बिघडले तर त्याच संध्याकाळच्या गाडीने मी तुमच्याबरोबर निघतो. जमले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." पत्र पेटीत टाकल्यावर ते मला सांगायला आले. टाकण्याआधी सांगितले असते तर मी काही बोलले असते.

"काय करणार आहात?" मी विचारले.

"कोबीचे विडे."

कालव्यावरच्या इंजिनियर साहेबाचा बटलर कोबीच्या पानांत खिमा भरून गुंडाळी करायचा आणि ती वाफवायचा. मामांनी ही कृती तंबूच्या कनातीआडून लांबून पाहिली होती. चाखण्याचा प्रश्नच नव्हता. खिम्याच्या जागी बटाटा, मटार आणि ओले खोबरे घालायचे, एवढी सुधारणा त्यांनी मनात करून ठेवली होती. कोबी तेव्हा देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्यांची भाजी. आमच्या घरात तो वर्षाकाठी दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा चण्याची डाळ घालून संपायचा.

"मामा, आमटी करा. तुमची आमटी चांगली होते."

"आमटी कोणीही करील. आमटीनं माणूस एकटा राहू शकतो हे सिद्ध होत नाही."

गुरुवारी आम्ही भाजीबाजारात गेलो. मामा टेप काढून एकेका कोबीचा घेर मोजू लागले. भाजीवालीने हातातली तागडी खाली ठेवली. मग म्हणाली, "काय वो बाबा, कोबी घेताय का त्याला टोपडं शिवताय?" मामांनी शांतपणे सगळ्यांत मोठा गड्डा उचलला. तो इतका मोठा निघाला की त्यांच्या घरातल्या एकाही पातेल्यात मावेना. म्हणून पाने सुटी होण्यासाठी तो अंघोळीच्या घंगाळात गरम पाण्यात सोडावा लागला. घंगाळातून कोबी डोके वर काढून बघत होता आणि मामा शेजारी पाटावर बसून त्याच्यावर तांब्याने पाणी घालत होते. बाळंतिणीच्या खोलीत शोभावे असे ते दृश्य होते. पाने मात्र सुरेख सुटली, चोवीस. मी प्रत्येकाची जाड शीर सुरीने तासली, सारण भरले, मामांनी गुंडाळ्या केल्या. मोदकपात्र चुलीवर चढले, त्याच्यावर पाणसळ ठेवून झाली, बुडबुडा मधोमध आला. वीस मिनिटांनी झाकण काढले तर सगळी पाने उघडून सारण खालच्या पाण्यात गेले होते.

"बांध फुटला," मामा म्हणाले. तीस वर्षांत त्यांचा एकही बांध फुटला नव्हता.

शुक्रवारी दोरा बांधून पाहिला. चव बघायला आमच्या यजमानांना बसवले. त्यांनी तोंडातून हातभर दोरा ओढून काढला आणि विचारले, "मामा, हे खायचं की उडवायचं?" दोरा रद्द झाला. शनिवारी दुपारी मामा आमच्याकडे जेवले, पण खिन्नपणे. पट्टीसुद्धा काढली नाही. मी विड्याचे तबक पुढे केले. त्यांनी विडा उचलला, त्याला टोचलेली लवंग पाहिली आणि ताडकन उभे राहिले. "अगं, आपल्या घरात पान लवंगेनं बंद होतं आणि मी दोरा शोधत बसलो!"

"मामा, विडा वाफवत नाहीत," मी म्हटले. पण तोवर ते जिन्याखाली पोहोचले होते.

रविवारी टांग्यातून मुलगा उतरला तो घसा साफ करीतच. भाषण पाठ करून आला असावा. मागून सून उतरली. तिने गालाभोवती शाल गुंडाळली होती. दाढ चार दिवस ठणकत होती आणि पोटात दुधाखेरीज काही नव्हते. मामांचा चेहरा पडला. अर्धे परीक्षक बादच झाले. तरी त्यांनी तिलाही सगळ्यांबरोबरच पानावर बसवले. वाढायला मी होते.

चोवीस विडे ताटात आले आणि मला मान्य करावे लागले, एकही उघडला नव्हता. फक्त लवंगा कुठे दिसेनात. वाफेने पाने मऊ झाली आणि गुंडाळी पक्की बसता बसता लवंगा आत शिरल्या होत्या. मुलाने पहिला घास घेतला. कचकन आवाज झाला. "बाबा," तो म्हणाला, "माझं म्हणणं असं—" आणि दुसरी लवंग फुटली. त्याने पाणी प्यायले, जीभ टाळूवर फिरवून पाहिली. जीभ बधिर झालेल्या माणसाला भाषण करता येत नाही. आमचे यजमान डोळ्यांतले पाणी पुसत भिंतीकडे बघत होते. मामा जेवतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते आणि कोपऱ्यात त्यांची ट्रंक भरून तयार होती.

सुनेने सासऱ्याचे मन राखायला म्हणून एक तुकडा मोडून तोंडात टाकला, दुखऱ्या बाजूलाच. चावली. थांबली. मग अख्खा विडा उचलला. तिसऱ्या विड्याला तिने शाल सोडली, पाचव्याला मांडी बदलून नीट बसली.

"बाबा, अजून आहेत?"

"अगं, लवंगा आहेत त्यात!" नवरा कसाबसा म्हणाला.

"तेच म्हणते मी! चार दिवसांत आज जेवले. बाबा, ह्यांना विचारूच नका. जमलंय जेवण."

मामा मुलाकडे वळले. "तू सांग. अट तुझ्याशी आहे."

मुलगा सरळ माणूस. त्याने बापाकडे पाहिले, बायकोच्या पानाकडे पाहिले, आणि "जमलं" म्हणाला. निदान तसे ऐकू आले. ट्रंक जागच्या जागी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीसाठी टांगा दोघांनाच घेऊन गेला.

दिवेलागणीला मामा आमच्याकडे आले. हातात डबा होता.

"अकरा उरलेत," ते म्हणाले. "जिंकलो, सूनबाई."

"जिंकलात."

ते टेकले. पाणसळ बरोबर आणली होती, पण ती मांडीवर नुसती धरलेली. डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आखणीत एक चूक राहिली. कोबी एकट्याच्या मापाचा येतच नाही."

मी पाट मांडला, ताट घेतले आणि म्हटले, "रविवारी कोबी इथे आणत जा. बाकीचे दिवस तुमची आमटी तुम्ही." मामांनी पट्टी पाटावर ठेवली, बुडबुडा पाहिला. "कललाय," म्हणाले, आणि बसले.

पाच हिवाळे हे चालले. मामा आता नाहीत. पाणसळ माझ्या फडताळात आहे आणि फडताळ कललेले आहे, हे मला ठाऊक आहे. विडे मी अजून करते. लवंग लागत नाही, दोराही लागत नाही. तोंड खाली करून दाटीने रचले की आपोआप बंद राहतात. हे मला त्या शनिवारीच सुचायला हवे होते. तरी प्रत्येक वेळी एका विड्यात मी लवंग घालते. कोणता ते सांगत नाही. ज्याच्या दाताखाली येते, त्याला तेवढा वेळ काही बोलता येत नाही, आणि आम्ही बाकीचेही मग बोलत नाही.