कोरड्या हातांना टाळ्या

बायकोचा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा सर्जन शोधण्याचा प्रश्नच आला नाही. माझा शाळेपासूनचा मित्र वारज्याच्या एका रुग्णालयात हाडांचा मोठा डॉक्टर होता. आम्ही सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. गुडघा सुधारला नाही तर तिचं खाली उतरणंच संपणार होतं. "वहिनी, तीन महिन्यांत जिने चढाल," तो म्हणाला, आणि आम्ही निर्धास्त झालो.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात हात धुण्याच्या सप्ताहाचं उद्घाटन होतं. आपल्याकडे स्वच्छतेलाही समई लागते. तळमजल्यावर पंजाची रांगोळी होती, सहा खुर्च्यांचं व्यासपीठ होतं आणि जंतू सोडून सगळ्या विषयांना स्पर्श करणारं प्रास्ताविक होतं. प्रमुख पाहुणा माझा मित्रच. त्यानं हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं: तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठे, नखं. व्यासपीठावर नळ नव्हता, साबणही नव्हता. कोरड्या हातांना टाळ्या पडल्या. मग शाल, नारळ आणि दिसेल त्याच्याशी हस्तांदोलन.

तिथून तो थेट राउंडला आला. नारळ खिडकीत ठेवला. बायकोची पट्टी उघडायची होती. सिस्टरनं सॅनिटायझरची बाटली पुढे केली.

"सर, हात..."

"अहो सिस्टर, आत्ताच सगळ्यांसमोर धुतले की! टाळ्या नाही वाजवल्यात?"

सगळे हसले. मीही. त्यानं जखमेच्या कडेकडेनं उघडा अंगठा दाबत नेला, "फर्स्ट क्लास" म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळला.

घरी आल्यावर आठवड्याभरात ताप, मग पू. गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागला. त्याच अंगठ्यानं जंतू नेले असं मी शपथेवर सांगणार नाही. जंतू सही करून जात नाहीत. पण दुसऱ्या डिस्चार्ज कार्डावर मित्राची सही होती आणि सहीच्या वर कारण: घरी जखमेची निगा राखली नाही, पट्टी भिजली.

पट्टी भिजली नव्हती. बायको बिचारी ओल्या फडक्यानं अंग पुसत होती, तेही गुडघ्यापासून हातभर लांब.

कार्ड घेऊन मी त्याच्या खोलीत गेलो.

"अरे, असं काही झालं की रुग्णालयाच्या समितीला कारण द्यावं लागतं," तो म्हणाला. "नुसता कागद आहे तो. मनावर काय घेतोस?"

"मग खरं कारण लिही."

"खरं कारण तुला माहितेय? कधीपासून डॉक्टर झालास?"

बाहेर त्याच सिस्टर भेटल्या. त्या दिवशी सरांनी हात धुतले नव्हते ना, असं त्यांना विचारलं. "मला नाही आठवत, काका," त्या म्हणाल्या. त्यांना तिथं नोकरी करायची होती. त्यांच्यावर रागावता आलं नाही.

बायकोला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. गुडघा आता जेमतेम वाकतो. कार्ड तिला दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिनं औषधांच्या पिशवीतून काढून वाचलं.

"म्हणजे मी भिजवली?"

"नाही गं. मी होतो ना तिथं. त्यानं हात धुतले नव्हते, मी पाहिलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"सगळे हसत होते..."

"तुम्हीही."

तिच्या पायाखालची उशी सरकली होती. ती नीट करायला मी वाकलो, तर तिनं हात आडवा धरला.

"राहू द्या. मी करते."