वेळेआधीचा सुस्कारा
वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास आला की मला मीना अब्दुल्ला या आखाती गावातली ती खोली आठवते. रिफायनरीतला माझा एक रत्नागिरीकडचा सहकारी तिथे राहत असे. या परक्या देशात मी मोकळेपणाने बोलत असे तो केवळ त्याच्याशी. त्या हिवाळ्यात पुरुषांच्या स्लालम स्कीइंगची प्रत्येक शर्यत आम्ही दोघांनी मिळून पाहिली होती. बर्फात रोवलेल्या खांबांमधून नागमोडी उतरणारे ते खेळाडू पाहताना खिडकीबाहेरच्या धुळीचा विसर पडे. हंगामातील शेवटच्या शर्यतीला माझी दिवसपाळी आली. "तुझ्याशिवाय बघणार नाही, रेकॉर्ड करून ठेवतो," असा शब्द त्याने दिला. निकाल कळू नये म्हणून मी दिवसभर फोन बंद ठेवला आणि संध्याकाळी कॉफीचा थर्मास घेऊन त्याच्याकडे गेलो. दुसऱ्या फेरीत आमचा आवडता खेळाडू सुरेख उतरत होता, आणि अचानक माझ्या मित्राने "अरेरे!" म्हणत सुस्कारा टाकला. त्यानंतर क्षणभराने त्या खेळाडूची स्की खांबाच्या चुकीच्या बाजूने गेली व तो बाद झाला. मी मित्राकडे पाहिले. "दुपारी कामावरची पोरं जमली होती रे, त्यांच्याबरोबर बघितली," तो नजर चुकवत म्हणाला. "तू असलास की सगळे गप्प बसतात, मजा नाही येत. आणि बघतोय ना परत तुझ्याबरोबर?" मी दोन पेल्यांत कॉफी ओतली. आता मी स्लालम एकटाच पाहतो, आणि कोणी बाद झाला की रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडतो.