पुढं समुद्र हाय की!

गोदावरीत काहीही सोडलं की मागं वळून बघायचं नाही. चालू लागायचं. हा नियम मी चालायला शिकल्यापासून ऐकतेय आणि 'का' विचारलं की दर वेळी डोक्यात टपली बसलीय. आमच्या गावची पाणी समिती तर निव्वळ याच नियमावर चालते. त्यामुळे तिचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. घाटाच्या पायरीवर गाळ साचावा तसे आपोआप साचतात!

सोनपेठच्या बाजूला, नदीकाठी आमचं गाव. घाटासमोर बंधाऱ्याने अडवलेल्या डोहातलं पाणी मोटारीने टाकीत जातं आणि टाकीतून सगळ्यांच्या नळाला. समितीचे अध्यक्ष तात्या, माझे चुलत आजोबा. मोटार सांभाळतात दगडूमामा. आणि पाणी तपासते मी, कारण "पोरगी बीएस्सी झालीय, घरी रिकामीच हाय!"

*

पहिल्या बैठकीला मी तयारी करून गेले. म्हटलं, आपण टाकलेली प्लास्टिकची पिशवी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तिथलं कासव तिला खाणं समजून गिळतं आणि मरतं.

तात्यांनी सुपारी कातरत विचारलं, "तू समुद्र पाह्यलास का?"

"नाही."

"कासवानं तुला कागद धाडला?"

"नाही."

"मग त्याची वकिली कामून करायलीस?"

ठराव मंजूर. पोरीने तपासायचं, बोलायचं नाही!

*

उसाला टाकलेला युरिया पावसात नदीत येतो आणि त्यावर जलपर्णी माजते. एका वर्षी अख्खा डोह झाकला. खाली ना उजेड ना हवा. मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. मी म्हटलं, खत कमी करू. समिती म्हणाली, बंधाऱ्याची दारं उघडू!

उघडली. हिरवं जाजम खालच्या गावाकडे निघालं. "गेली बला! पुढं समुद्र हाय की!" म्हणत तात्यांनी सगळ्यांना चहा पाजला, प्लास्टिकच्या कपात. ते कपही बलेच्या मागोमाग गेले.

*

मग एकदा वरून काळं, वास मारणारं पाणी आलं. तात्या खवळले. जीप काढून आम्ही वरच्या गावात गेलो. तिथल्या अध्यक्षांनी मान देऊन बसवलं आणि म्हणाले, "तात्यासाब, एवढं काय मनावर घेता? पुढं समुद्र हाय की!"

परतताना जीपमध्ये कुणी शब्द काढेना. न राहवून मीच म्हटलं, "म्हणजे त्यांचा समुद्र आपल्या घाटापासूनच सुरू होतो."

"गप बस! मोठ्यांच्या बोलण्यात पडू न्हाई."

मोठे तर कुणी बोलतच नव्हते!

*

लिंबाजीकाकांचं पोट मासळीवर. बंधाऱ्याखालच्या डोहात कुणीतरी फवारणीचं औषध ओतलं, जाळं न टाकता मासे मिळावेत म्हणून. मोठे मासे उचलून नेले, बारके तसेच तरंगत सोडले. ते बगळ्यांनी खाल्ले. दुपारपर्यंत काठावर पंख पसरून बगळे पडलेले.

दगडूमामा म्हणाले, "बगळ्यायला कुणी आवतण दिलतं?"

लिंबाजीकाका आता काय पकडतात, विचारलं. म्हणाले, "रानातून वाहून आलेल्या ठिबकच्या नळ्या आन् मल्चिंगचा प्लास्टिक कागद. एक बरं हाय, त्याला काटे न्हाईत!"

ते हसले. मला हसता आलं नाही.

*

तपासणीची बाटली साधी असते, आत आधीच औषध घातलेली. पाणी भरून ठेवायचं. दोन दिवसांत काळं पडलं तर ते प्यायचं नाही. माझी बाटली दर महिन्याला काळी पडायची. तिच्यावर मार्करने तारीख आणि सही करून मी दगडूमामांकडे द्यायची, तालुक्याला पोचवायला. मग तात्या म्हणायचे, "तालुक्याचा निरोप हाय, पाणी चांगलं हाय." आणि मी रजिस्टरवर 'पिण्यास योग्य' लिहून सही करायची. बीएस्सी ना मी!

गेल्या महिन्यात तात्यांची पणती छकुली जुलाबाने दोनदा सलाईनवर गेली. बाटली पुन्हा काळी. या वेळी तालुक्याहून साहेबच येणार होते. आदल्या सकाळी तात्यांनी मला रजिस्टर घेऊन घाटावर बोलावलं. दगडूमामा होते, दोन म्हातारे मेंबर होते.

"योग्य म्हणून लिही. अन् ती बाटली सोड गोदेत."

"साहेबांनी विचारलं तर?"

"साहेब रजिस्टर बघतेत, नदी न्हाई."

दगडूमामांनी माझ्या हातातली बाटली घेतली, पाण्यात फेकली आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवली. चौघेही पायऱ्या चढायला लागले.

मी मागं वळून बघितलं.

दिवाळीपासून बंधाऱ्याची दारं बंद. पाणी जागचं हलत नव्हतं. बाटली कुठेच गेली नाही. डुलत डुलत पायरीजवळच्या जलपर्णीत अडकली. तिथे आधीच चार होत्या. काळ्या. झाकणं घट्ट. प्रत्येकीवर माझी सही.

"तात्या, मागं बघा."

"बघू न्हाई, पोरी."

"बघा!"

गुडघाभर पाण्यात उतरून मी पाचही ओढणीत वेचल्या आणि पायरीवर ओळीने मांडल्या. दगडूमामांनी पेन पुढे केला. "कर सही अन् मिटव."

"नाही करणार. उद्या साहेबांपुढे ह्या अशाच मांडणार. आणि तात्या, आता म्हणा ना, पुढं समुद्र हाय!"

तात्यांनी मागं वळून बघितलं.