मेश्रामांच्या गाडीचं इंजिन

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या राकेश मेश्रामने आयुष्यात एकच चैन करायची ठरवली होती: स्वतःच्या हाताने हॉट रॉड बांधायची. शंभरीला टेकलेली फोर्ड घ्यायची, मडगार्ड उतरवायची, छत कापून बुटकं करायचं आणि आत जुन्याच धाटणीचं, पण जास्त दमाचं इंजिन बसवायचं. एकतीस सालची दोन दारांची कूपे गॅरेजमध्ये येऊन दीड वर्ष झालं होतं. गाडं अडलं होतं इंजिनावर. फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड घ्यावं, की नंतरच्या काळातलं, सहज मिळणारं शेवरोलेचं? आयटीतला माणूस, त्याने सगळ्या इंजिनांची एक्सेल शीट केली होती. गाडीबरोबर आलेलं मूळ चार सिलिंडरचं इंजिन मात्र कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. त्याचा शीटमध्ये रकानाच नव्हता.

गावाबाहेर रॉय नावाचा पंचाहत्तरीचा म्हातारा इंजिनं दुरुस्त करायचा. राकेश वर्षभर त्याच्याकडे जात होता आणि रॉय त्याला अजून ‘रिकी’ म्हणत होता. एका शनिवारी पुढे ग्रोसरीला जायचं म्हणून बायको प्रणिताही सोबत होती. स्टँडवर एक इंजिन चालू होतं. ती दारात आवाज ऐकत थांबली, जरा वेळाने जवळ गेली आणि म्हणाली, “याचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.”

रॉयने तपासलं. खरंच होतं.

प्रणिता एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम बघायची. तिच्या वडिलांचं तुमसरला पाणी खेचायच्या डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दहावीपर्यंत ती शाळेतून थेट तिथेच जायची. राकेशला हे ठाऊक होतं, पण लग्न ठरवताना कळलेल्या माहितीइतकंच. त्या दिवसापासून तो एकटा गेला की रॉय आधी विचारायचा, “प्रणिता कुठाय?” नाव अगदी नीट घ्यायचा. दोघं इंजिनावर वाकून बोलत असली की राकेश पाने-पक्कड पुसत उभा राहायचा.

मार्चमध्ये शार्लट शहराजवळ जुन्या भागांचा बाजार भरला. तिथे त्याला फ्लॅटहेड दिसलं. ताजा हिरवा रंग, लखलखीत. विकणारा गोड बोलत होता. प्रणिता गुडघ्यावर बसली आणि बाजूने बोट फिरवून म्हणाली, “रंगाखाली गंजाचे ओघळ आहेत. इथून पाणी झिरपत असणार. आधी रॉयला दाखवू या.”

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर राकेश थांबला असता. “प्रत्येक गोष्ट रॉयला कशाला विचारायची?” तो म्हणाला आणि तिथल्या तिथे सौदा करून मोकळा झाला.

रॉयने त्या फ्लॅटहेडच्या लोखंडी ब्लॉकला लोहचुंबक टेकवून वर लोखंडाची बारीक पूड फुंकली. पूड एका रेषेत गोळा झाली. भेग व्हॉल्व्हपासून निघून थेट सिलिंडरमध्ये उतरली होती. “हे वाचवण्यात अर्थ नाही,” रॉय म्हणाला. प्रणिताने फडक्याने पूड पुसून काढली. तिने निदान ‘मी म्हटलं होतं’ म्हणावं, म्हणजे भांडता तरी येईल, असं राकेशला वाटत होतं.

घरी आल्यावर तिने ताडपत्री ओढली, हँडल लावून जुनं इंजिन फिरवलं. ते सहज फिरलं. “हे घे की,” ती म्हणाली. “जुन्या काळची पोरं सुरुवात ह्याच्यावरच करायची, रॉय सांगत होता. नवं हेड टाकू, दोन कार्ब्युरेटर लावू.”

पुढचे सात महिने चासी, ब्रेक आणि वायरिंग राकेशने केलं, आणि ते चोख केलं. इंजिन प्रणिताने बांधलं. ऑक्टोबरात ते सुरू झालं तेव्हा अडखळत होतं. ती सीटवर बसली, डोळे मिटून स्टिअरिंगजवळचा, ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा स्पार्कचा दांडा केसभर खाली ओढला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. रॉय नुसता मान डोलवत राहिला. राकेशने टाळ्या वाजवल्या. आत मात्र जळत होतं.

रॉय गेल्यावर तो गॅरेजच्या पायरीवर बसला.

“मला तुझा हेवा वाटतो,” तो म्हणाला. “स्वप्न माझं होतं, प्रणिता.”

“माहीत आहे.” तिने हात पुसले. “आणि खरं सांगू? मला त्या हेव्याचं बरं वाटत होतं. पंचवीस वर्षं तुझे प्रोजेक्ट, तुझी प्रमोशनं ऐकत आले यार. माझ्याकडे कुणी असं बघितलंच नव्हतं. तूसुद्धा नाही.”

राकेशने स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, “तो दांडा कधी ओढायचा, मला कळत नाही.”

“शिकवीन. पण हा उद्याचा दिवस जाऊ दे. उद्या मेळाव्याला मीच चालवणार.”

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या मेळाव्यात प्रणिता गाडी चालवत गेली, राकेश शेजारी बसला. प्रवेशाच्या टेबलावर फॉर्म भरायचा होता. ‘गाडी कुणी बांधली’ या ओळीवर त्याने आपलं नाव लिहिलं. खालच्या ओळीत ‘इंजिन कुणी बांधलं’ असं विचारलं होतं. तिथे पेन थोडा वेळ थांबलं. मग त्याने ‘प्रणिता मेश्राम’ असं लिहिलं; अक्षर स्वतःच्या नावापेक्षा जरा बारीक काढलं आणि फॉर्म देऊन टाकला.