मार्तोसुवितोंचा होकार

जावा बेटावरच्या क्लातेनच्या पंचक्रोशीत विवाह ठरला की वधूपिता आचाऱ्याकडे जाण्याआधी मार्तोसुवितोंच्या अंगणात येई. मांडवात वरपक्षाचे स्वागत करावे ते त्यांनीच. त्यांची दरबारी जावानी वाणी ऐकताना व्याहीसुद्धा आपले रुसवे विसरत. नकार हा शब्द त्या मुखातून कधी उमटला नव्हता. विनयाला देह लाभला तर तो असाच असेल, असे लोक म्हणत.

त्याच विनयाचा आज त्यांच्या पत्नीला, सुगिनाला, मनस्वी तिटकारा आला होता.

मार्तोंच्या आतड्यातली गाठ कापून काढली होती. पोटातला वारा सरेपर्यंत मुखी अन्न नाही, हा रुग्णालयाचा दंडक. काल प्रथेप्रमाणे सारा गाव मिनीबस भाड्याने करून भेटीला लोटला. गावप्रमुखांच्या, म्हणजे लुराहांच्या, हाती स्वतःच्या पत्नीने रांधलेली मऊ पेज होती. एवढ्यात परिचारिकेने आदराने विचारले, "पाक मार्तो, वारा सरला का?" पेजेची वाटी समोर वाफाळत होती. मार्तोंनी हात जोडून स्मित केले. "सरला, सरला."

सायंकाळी पोट नगाऱ्यासारखे ताठले, हिरवी वांती झाली आणि नाकातून नळी घालावी लागली.

"आतडी आज जागी झाली नाहीत, तर पोट पुन्हा उघडून बघावं लागेल," डॉक्टर रेत्नो सकाळी म्हणाली. "दुखणं थांबवायला आपण मॉर्फीन देतो ना, त्याने आतडी सुस्तावतात. पोट आणि आतडी रक्तातून एकमेकांना निरोप धाडतात, आता ढकल, आता थांब, असे. त्या निरोपांचीही घडी विस्कटते."

"हे आधी सांगायला तुमची जीभ झिजली असती?" सुगिना कडाडली.

"चुकलं आमचं, बू सुगिना. पण औषध कमी करू म्हटलं, तर यांना दुखतं किती तेच कळत नाही. विचारलं की 'थोडंसं'. 'आणखी सुई देऊ?' म्हटलं की 'आपली मर्जी'. सिस्टर बिचारी देत राहिली."

सुगिना खाटेकडे वळली.

"सुईला हो, पेजेला हो! उद्या यमदूत आला तर त्यालाही म्हणाल, 'या, बसा, आपली मर्जी'! माणसांचं मन राखता राखता मला विधवा करणार का? आजन्म पाहुण्यांपुढे गोड बोललात, आणि घरी मी नुसती समजून घेत बसायची!"

"हळू गं... लोक ऐकतील."

"ऐकू देत!"

लोक खरोखरच दारात होते. गावप्रमुख पुन्हा डबा घेऊन उभे. "सुगिनावहिनी, आज अगदी पातळ केलीय. दोनच घास—"

"कालचे दोन घास नाकातून काढलेत, पाक लुराह! बसा जाऊन तुमच्या मिनीबसमध्ये."

गावप्रमुखाशी असे कुणी बोलले नव्हते. लोकांच्या नजरा जमिनीकडे वळल्या. मार्तोंचा चेहरा शरमेने काळवंडला आणि सवयीने त्यांचे हात क्षमायाचनेसाठी जुळू लागले. त्याच क्षणी परिचारिका सुई घेऊन आली.

"दुखतंय का, पाक? देऊ?"

जुळत आलेले हात थबकले. सुगिना डोळ्यांत अंगार घेऊन त्यांच्याकडे पाहत होती. त्या दृष्टीपुढे दरबारी वाणीतले एकही वचन टिकेना.

"दुखतंय," ते साध्या, खेडवळ बोलीत म्हणाले. "पण सोसवेल एवढंच. ती सुई नको. आणि... वारा सरलेला नाही. कालही सरला नव्हता."

डॉक्टर रेत्नो पुढे सरसावली. "आता मला नेमकं कळलं! मॉर्फीन कमी करते आणि दुखण्यावर दुसरं काही देते. पोट उघडायचं आज थांबवू. संध्याकाळी पुन्हा विचारीन, आणि खरं सांगायचं."

दारात गावप्रमुख अजूनही घुटमळत होते. "मग पाक मार्तो, एवढी पेज तरी ठेवून जाऊ का? बायकोला वाईट वाटेल हो."

मार्तोंनी डोळे मिटले. कपाळावर घाम तरारला, तो वेदनेचा की संकोचाचा, कोण जाणे.

"नको," ते म्हणाले.

सुगिनाचा क्रोध निवळला नव्हता. "ऐकू नाही आलं त्यांना."

"नको!"