मामांनी मोजलेलं राज्य

आमचे सासरे कुणाच्याही घरी गेले की चपला दाराशी काढायचे आणि आत जाताना पावलं मोजायचे. मला बघायला निपाणीला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन बसले, पण माझ्याकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. सोप्यातून माजघरात, माजघरातून परसात अशी नजर फिरवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पावणं, तुमची मधली भिंत मागं जाताना वीतभर तिरकी जात्या." वडिलांना वाटलं, स्थळ हातचं गेलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी सुतळी लावून बघितली, तर भिंत खरंच तिरकी. चार दिवसांनी मुलगी पसंत असल्याचं पत्र आलं. भिंतीबद्दल त्यात काही नव्हतं.

उभी हयात त्यांनी बेळगावच्या मोजणी खात्यात काढली होती. आम्ही राहत होतो ते सगळं वडगाव त्यांना मोजणीआप्पा म्हणायचं, मी मामा म्हणायची. म्हणायची म्हणजे मनातल्या मनात, कारण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही ही त्या घरची रीत. राग नाही, रुसवा नाही, नुसती रीत. मी हातभर अंतरावर ताट घेऊन उभी असायची आणि मामा सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, आमटी बरी झाल्या." मग आत्या, म्हणजे सासूबाई, माझ्याकडे वळून म्हणायच्या, "आमटी बरी झाल्या म्हणत्यात." जणू मी खानापुरात उभी आहे. सहा महिने मी माझ्या आमटीचं कौतुक असं दोनदा-दोनदा ऐकून घेतलं.

माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला होता. अठ्ठ्याऐंशी साली तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्याकडे मी मिक्सर मागितला होता. त्यानं आणला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. "मिक्सर काय आक्का, खडेबाजारातबी मिळतोय," म्हणाला. मिळतो रे बाबा, पण तो घेऊन देतं कोण? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. गेममध्ये कंदील घेतलेला एक बोटभर शिपाई होता आणि डोंगर, नद्या, गुहा, पडके किल्ले असलेलं एक भलंमोठं राज्य होतं. जादूगारानं तिथल्या राणीचा दगड करून टाकलेला. सात घंटा लपवलेल्या. त्या सगळ्या सापडल्या की राणी सुटणार. आमच्या ह्यांनी दोन रविवार खेळून बघितलं आणि ते खानापूरच्या बँकेत परत गेले. मग दुपारची भांडी आवरली की डोक्यावर पदर घेऊन मीच टीव्हीपुढे बसायला लागले.

त्याच महिन्यात मिरजेच्या डॉक्टरांनी मामांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर मामा खुर्चीत बसले, दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणत दिसायला कुठं लागतं ते पाहिलं. "उजवीकडनं चार आणे गेलं," म्हणाले, "डावीकडनं दोन." स्वतःच्या डोळ्यांचीसुद्धा त्यांनी मोजणी केली. आत्या पदर डोळ्याला लावून बसल्या, तेव्हा त्यांना म्हणाले, "अगं, डोळ्याचं दुःख न्हाय. चौतीस वर्षं मोजली, पण एक नकाशा माझ्या हातनं पुरा झाला न्हाय. अर्धा केला की बदली. पुरा केला दुसऱ्यानं, सही सायबाची. दिसतंय तवर एक तरी मुलूख हद्दीपास्नं हद्दीपतुर मोजायचा हाय." आता ह्या वयात कुणाच्या रानात मोजणीची साखळी घेऊन जाणार, असं आत्यांनी विचारलं.  मामा टीव्हीकडे बघत होते, तिथं मी खेळत बसले होते.

जरा वेळानं म्हणाले, "तिला म्हणावं, ती त्याच ओढ्यावर तिसऱ्यांदा आल्या."

तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीचे कागद आणून डकवले, जमिनीवर पसरले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पेन्सिलीला टोक केलं. मी खेळायचं, मामांनी नकाशा काढायचा. पण रीत आड आली. मामा म्हणायचे, "तिला म्हणावं, मागनं वटवाघूळ आलं." आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या आणि सांगायच्या, "मागनं वटवाघूळ आलं म्हणत्यात." तोवर शिपाई आडवा. मी आत्यांना सांगायची, "मेला म्हणावं." आत्या मामांना सांगायच्या, "मेला म्हणत्या." ह्या निरोपानिरोपीत एका आठवड्यात आमचे अकरा शिपाई कामी आले. आत्यांच्या दोन भाकरीही करपल्या.

मग एके दिवशी दुसरी घंटा घेऊन मी पुलावर आले आणि समोरून एक राक्षस उठला. आत्या नेमक्या परसात वाळवणाला गेलेल्या. मामा तिकडे वळले, कुणी दिसेना, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं पळ पोरी, पळ. डावीकडं." मी डावीकडे पळाले. शिपाई वाचला. मामा भिंतीकडे बघून खोकले. मी पदर सारखा केला. दारात आत्या उभ्या होत्या, हातात सांडग्यांची ताटली. त्या म्हणाल्या, "चला, सुटले बाई एकदाची." आणि खरंच, सुटल्यासारख्या त्या पंख्याखाली जाऊन बसल्या.

एकदा बोलायला लागल्यावर मामा थांबेनात. त्यांच्या हिशेबी कुठलाही मुलूख शोधायची एक पद्धत असते. गावात शिरलं की आधी म्हातारा गाठायचा. गेममधल्या गुहांतून पांढऱ्या दाढीचे म्हातारे बसलेले असत, इंग्रजीत काहीबाही सांगत. मला वाटायचं, हे वाचण्यात वेळ घालवू नये. मामा म्हणायचे, "थांब. वाच. हद्द कागदावर चुकंल, म्हाताऱ्याची चुकायची न्हाय." माझं बारावीपर्यंतचं इंग्रजी असं कामाला आलं. दुसरं म्हणजे, वाट दिसते म्हणून वाटेनं जायचं नाही. "वाटंनं गेलं की वाटंवरचंच दिसतंय. कडंकडंनं चल." तासन् तास मी त्या राज्याच्या कडेकडेनं चालत राहायची, एका दिवशी एक नदी, एका दिवशी एक डोंगर. राणी दगड होऊन ताटकळत होती, पण मामांना तिची घाई नव्हती.

नकाशावर ते सगळं कानडीत लिहायचे. मी एकदा धीर करून विचारलं, मराठीत का नाही लिहीत? म्हणाले, "मराठीत लिहायला जातो गं, पण नकाशा म्हटला की हात कानडीच लिहितोय. चौतीस वर्षांची खोड हाय." कानडी अंक मी त्यांच्याकडून शिकले. आज मामा नाहीत, पण बसच्या पाटीवरचा कानडी आकडा वाचताना अजून मला आधी ओढे-नाले आठवतात.

पाचवी घंटा कुठेच मिळेना. सगळ्या गुहा फिरून झाल्या. मामा कागदावर ओणवे होऊन दोन दिवस बघत बसले आणि तिसऱ्या-चौथ्या गुहेच्या मध्ये बोट ठेवलं. "ही हितं संपत्या. ती तितनं सुरू हुत्या. मधे एक खोली शिल्लक ऱ्हात्या. जमीन कुठं पळून जात न्हाय. ती कुणीतरी दडपल्या." मला पटलं नाही, पण सासऱ्याला नाही कसं म्हणणार? शिपायाला एका गुहेत मिळालेल्या हातोड्यानं मी भिंत ठोकत सुटले. चौदाव्या ठिकाणी भिंत ढासळली. आत एक म्हातारा, त्याच्यापुढे घंटा. मी आनंदानं वळले तर मामा चष्मा पुसत होते. "अतिक्रमण," एवढंच म्हणाले आणि टिपणात लिहून घेतलं.

ही बातमी कशी कोण जाणे टिळकवाडीपर्यंत गेली. तिथल्या एका डॉक्टरांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाकडे हाच गेम होता. तो स्कूटरवरून आला आणि पाचवी घंटा कुठाय म्हणून विचारायला लागला. मामांनी त्याला चहा दिला, नकाशा दिला नाही. "नकलेसाठी अर्ज करा." त्यानं हसत हसत अर्ज लिहिला. मामांनी परत केला, कारण जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. बिचाऱ्यानं पूर्वेस ओढा, पश्चिमेस स्मशान असं सगळं लिहून दुसरा अर्ज आणला. आठ दिवसांनी त्याला नक्कल मिळाली, 'खरी नक्कल' असं लिहून खाली सही. तो पोरगा नंतर मला म्हणाला, कॉलेजात प्रवेश मिळवताना एवढा त्रास झाला नव्हता.

सहा घंटा झाल्या आणि सातवीला आम्ही दोन महिने अडकलो. त्याचं कारण मामाच. शिपायाकडे कुऱ्हाड आली होती, पण मामा झाडाला हात लावू देत नसत. "दुसऱ्याच्या बांधावरचं झाड तोडायचं न्हाय. अशानं भाऊबंदकी लागत्या." मी किती सांगितलं की मामा, हे खेळातलं झाड आहे. ते म्हणायचे, बांध खेळातला असला तरी बांधच. तिकडे त्यांची नजर रोज थोडी थोडी आत येत होती. आता ते टीव्हीच्या इतके जवळ बसत की पडद्यावर त्यांच्या टोपीची सावली पडे. मला रडू यायचं आणि त्यांचा रागही यायचा. शेवटी शेंगा निवडता निवडता आत्याच म्हणाल्या, "राणीच दगुड हून पडल्या. तक्रार घ्याला हाय कोण तितं?" मामांनी ह्यावर दोन दिवस विचार केला. मग प्रत्येक झाडापुढे टिपणात 'अत्यावश्यक कामासाठी' असं लिहून परवानगी दिली. नवव्या झाडाखाली जिना निघाला.

मामा जिन्याखालचं तळघर कागदावर काढत होते, तेव्हा मला दिसलं की त्यांची वरची नदी डोंगरावर चढली आहे. चौकटी त्यांना दिसत नव्हत्या. ते आंघोळीला गेले तेव्हा मी ती रेघ गुपचूप खोडून बरोबर जागी काढली. परत आल्यावर त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. खोडलेल्या जागी कागद खरखरीत होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खोडलंस व्हय?"

"नदी डोंगरावर गेल्ती, मामा."

"मग सांगायचं की गं. मला बरं वाटावं म्हणून नकाशा काढाय लागलाय काय आपण?"  मग त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "आजपास्नं हात तुझा. मी सांगतो, तू काढ."

शेवटचे पंधरा दिवस मामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे आणि मी दिसेल ते मोठ्यानं सांगायची. सगळं राज्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "आता उजवीकडं दार असणार," म्हणायचे, आणि असायचं. सातवी घंटा मिळाली. राणीचा दगड फुटला, ती उठून उभी राहिली, आणि मी शेवटची चौकट कागदावर भरली. हद्दीपासून हद्दीपर्यंत एकही जागा कोरी नव्हती. मी ओरडले नाही. नुसता त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात धरायची ती माझी पहिलीच वेळ.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. "काय लिवलंय?" मामांनी विचारलं. मी आधी मनातल्या मनात वाचलं. लिहिलं होतं, जादूगार पळाला आहे, जाताना त्यानं नद्या, गुहा, घंटा सगळ्यांच्या जागा बदलल्या आहेत, पुन्हा सुरुवात करा. संपलं म्हणून सांगावं असं मनात आलं. त्यांना कुठं दिसणार होतं? पण बोटाखालचा तो खरखरीत कागद आठवला आणि मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

 मामा हसायला लागले. "म्हंजे आपला नकाशा जुना झाला म्हण की. झ्याक झालं. अगं, अर्धा नकाशा कधी जुना हुत न्हाय, तो नुसता अर्धाच ऱ्हातोय. पुरा झाला तरच जुना हुतोय. आण इकडं, सही करतो."

त्यांचं बोट मी कागदाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. सही वाकडी आली, पण आली. मग म्हणाले, "आता खाली तुझं नाव घाल." मी लिहायला लागले, मोजणीआप्पांची सून. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होते, ते त्यांनी ऐकलं.

"सून कशाला? सून काय हुद्दा हाय? मोजणी कुणी केली त्येचं नाव लिवत्यात. तुझं लिव."

मी खोडलं आणि लिहिलं. लग्न झाल्यापासून माझं नाव असं एकटं मी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं. 

"लिवलंस?"

"व्हय."

"वाचून दाव."

"मालन," मी हळूच वाचलं.

मामांनी डोळे मिटूनच मान हलवली. "मोठ्यानं वाच गं," म्हणाले, "ते नाव काय गावाला लाजतंय?"