हिरव्या माशीचं नाव

एकोणीसशे तीसच्या आसपास मी वाशीमला शेतकी खात्यात कामदार होतो, म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला देणारा. खात्याचे कीटकांचे साहेब तेव्हा त्या तालुक्यातल्या परोपजीवी गांधीलमाश्यांची यादी करत होते. गांधीलमाशी म्हटलं की लोकांना डंख आठवतो. या तशा नव्हेत. चिलटाएवढ्या असतात, दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं त्याला आतून खात वाढतात. साहेब यादी करत, म्हणजे माश्या मी धरायच्या, भिंगाखाली मिशांचे सांधे आणि पंखांच्या शिरा मी मोजायच्या, टाचणीला चिठ्ठी मी लावायची, आणि सही त्यांनी करायची. अनोळखी माशी निघाली की ती नावासाठी विलायतेला जाई.

रिसोडच्या वाटेवर एका माळणीची बाग होती. तिचा पडवळाचा मांडव होता, फळं सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाला खाली दगड बांधलेला. बाकीचे बागाईतदार अळीजवळ कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की अळीची अंडी समजून जाळत. खात्याचं शहाणपण म्हणून मीही तेच सांगत फिरायचो. हिनं मला अडवलं.

"जाळू नका भाऊ. याच्यातून काळी माशी निंगते. तिच्यानंच अळ्या मरतात."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं मला हे शिकवलं, आणि मी ते अहवालात माझं निरीक्षण म्हणून लिहिलं.

पुंजके मी बरण्यांत ठेवले, तोंडाला मलमल बांधली. आधी काळ्या माश्या निघाल्या. आठवडाभरानं त्याच बरण्यांतून दुसऱ्याच निघाल्या, हिरव्या, चमकदार. साहेब हरखून गेले. ही कुणाच्याच यादीत नाही म्हणाले. मी मात्र पुंजक्यातला माशीचा एकेक कोश सोडवून पाहिला होता. काळी माशी कोशाचं टोक झाकणासारखं गोल कापून बाहेर येते. हिरवीनं बाजूला वेडंवाकडं भोक पाडलं होतं, आणि आत काळीचं वाळकं सालपट उरलं होतं. म्हणजे हिरवी अळीला खात नव्हती, अळी मारणाऱ्या काळीलाच खात होती. मी चिठ्ठीवर तसं लिहिलं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. भोकं बघणं हे सुताराचं काम, म्हणाले. हिरवी अळीवरच जगते, आणि ती वाढवून बागांत सोडायची, असं त्यांनी वर कळवूनही टाकलं होतं. मग जरा मऊ आवाजात म्हणाले की या माशीला तुझं नाव द्यावं, असं मी विलायतेला लिहिलं आहे.

मी भांडलो, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. मी दुसरी चिठ्ठी घेतली आणि माझ्याच वळणदार अक्षरात 'अळीवर' असं लिहून दिलं. वाशीमच्या कामदाराचं नाव जगाच्या पुस्तकात! एवढ्यावर मी मूग गिळले. साहेबांवरचा माझा राग कधीच विरला, स्वतःचा अजून येतो.

पुढच्या हंगामात हिरव्या माश्या सोडायला साहेबांनी नेमका त्या माळणीचाच मांडव निवडला. बरण्या घेऊन मीच गेलो. तिनं एक बरणी उजेडात धरली.

"हे तीच हाये ना भाऊ? मंग हिरवी काहून दिसून राह्यली?"

तीच आहे, खात्यानं सुधारलेली, असं मी तिला सांगितलं. तिनं स्वतःच्या हातानं मलमल सोडली.

त्या साली मांडवात पांढरे पुंजके दिसले, पण त्यांतून काळी माशी काही निघेना. अळ्यांनी पानं खाऊन मांडवाच्या नुसत्या काड्या उरवल्या. बाजारात नेण्याजोगं एक पडवळ तिच्या हाती लागलं नाही. साहेबांची तोवर बदली झाली होती.

विलायतेहून छापील कागद आला, त्यावर माझं आडनाव, लॅटिन शेपूट लावलेलं. तो घेऊन मी तिच्या बागेत गेलो. माफी मागायला गेलो की मिरवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती वाळलेले वेल ओढून काढत होती. मी तिला सगळं सांगितलं, ते भोक, दोन्ही चिठ्ठ्या, माझं खोटं. शेवटी हेही सांगितलं की त्या हिरव्या माशीला आता माझं नाव दिलंय.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"बराबर ठेवलं," ती म्हणाली, आणि पुढचा वेल ओढला.